चौथ्या आज्ञेवर अडलेला वर्ग

पहिल्याच शनिवारी उपदेशियारांनी आम्हाला घरी पाठवून दिलं.

चर्चच्या मागच्या पडवीत आम्ही चौघंजण हातात प्रश्नोत्तरांची छोटी पुस्तिका घेऊन बसलो होतो. तोंडी परीक्षेला आलेल्या मुलांसारखे चेहरे झाले होते आमचे. ते आले, छत्री मिटून खिडकीच्या गजाला अडकवली, एकेकाकडे सावकाश पाहिलं आणि म्हणाले, "आज शिकवणी नाही. घरी जा. ज्यांच्याबरोबर तुम्ही जेवता त्यांना सांगा, मी लुथरन चर्चमध्ये जायचं म्हणतोय. ते काय म्हणाले ते पुढच्या शनिवारी मला येऊन सांगा. कुणी काहीच म्हणालं नाही, तर तेही सांगा."

मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हटलं, "मी एकटीच जेवते."

त्यांनी विचारलं, "जेवण कोण करतं?"

"मेसवाल्या मामी."

"मग मामींना सांगा."

मी मुकाट्याने मामींना सांगितलं. त्या कढईवरून नजर न उचलता म्हणाल्या, "बरं. मग रविवारी सकाळचं टिफिन लवकर लागेल का?" पुढच्या शनिवारी मी हे उत्तर जसंच्या तसं सांगितलं तेव्हा उपदेशियार इतके खूश झाले, की ते पुढे कित्येक आठवडे ज्याला त्याला ऐकवत होते. "बघा, ती बाई हिला उपाशी जाऊ देणार नाही. हिच्या मागे कुणीतरी आहे."

तमिळ ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये उपदेशियार म्हणजे पाळकांच्या हाताखालचा माणूस. व्यासपीठ पाळकांचं, उंबरठे याचे. घरोघरी जायचं, आजाऱ्याजवळ बसायचं, नव्याने येणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवायचं. आमचे उपदेशियार निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण मोठ्यांचा वर्ग त्यांच्याकडेच राहिला होता. उंच, काटकुळे, पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीवजा धोतर, आणि पांढराच सदरा. उमेदीची वर्षं त्यांनी पापनाशमच्या आसपासच्या खेड्यांतून सायकल मारत काढली होती.

मी मूळची नगरकडची. आमचं घराणं ख्रिस्ती, तेही तीन पिढ्यांचं. बँकेच्या बदलीने कुंभकोणमला आले आणि जवळ होतं म्हणून लुथरन चर्चमध्ये जाऊ लागले. दुसऱ्या मंडळीतून आलेल्या माणसानेही वेदीपुढे उभं राहण्याआधी इथली शिकवण घ्यावी, असा त्यांचा रिवाज. मला ते जरा लागलंच. मी उपदेशियारांना म्हटलं, "आम्ही तीन पिढ्यांचे आहोत."

"तीन पिढ्या आल्या नाहीत," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही आला आहात. तुम्हाला काय हवंय?"

जन्मल्यापासून चर्चमध्ये वाढलेल्या मला हा प्रश्न त्याआधी कुणी विचारला नव्हता. मी पुस्तिकेची पानं चाळू लागले. ते म्हणाले, "घाई नाही," आणि माझ्यापुढे शेवग्याच्या पाल्याची जुडी ठेवली.

ही त्यांची शिकवण्याची तऱ्हा. चर्चच्या शेजारी निराधार म्हाताऱ्यांचं एक घर होतं, त्यांच्या रविवारच्या जेवणाची भाजी आमच्या वर्गात निवडली जाई. कधी शेवग्याचा पाला, कधी वालाच्या शेंगा, कधी छोटे कांदे. आज्ञा, विश्वासाचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, हे सगळं आम्ही पाला ओरबाडत शिकलो. "हात रिकामे असले की माणूस खोटं बोलतो," असं त्यांचं म्हणणं. "किंवा खरं बोलतो, पण छान दिसावं म्हणून."

लुथरन शिकवणीत प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न येतो: याचा अर्थ काय? पुस्तिकेत प्रश्नाखाली उत्तरही असतं. पापनाशमहून बसने येणारं एक तरुण जोडपं वर्गात होतं. त्यातला नवरा हुशार. उपदेशियारांनी "याचा अर्थ काय?" म्हणायचा अवकाश, तो घडाघडा उत्तर म्हणून टाकी. उपदेशियार मान डोलवत ऐकत आणि म्हणत, "सुरेख. हे पुस्तकाचं उत्तर झालं. पण पुस्तक आधीपासूनच आपल्या चर्चचं सभासद आहे, बाबा. मी तुम्हाला विचारतोय."

त्यांच्या लहरी गावाला ठाऊक होत्या. चर्चमध्ये ते दर रविवारी वेगळ्या बाकावर बसत. एकाच जागी बसलं की ती जागा आपली वाटू लागते, म्हणत. आणि कुंभकोणमसारख्या कॉफीच्या गावात राहून त्यांच्या घरी कॉफी नसे. पूड नाही, गाळणं नाही, काही नाही. पण दुसऱ्याच्या घरी दिली की पितळी डबऱ्यातली, त्या पसरट वाटीतली, शेवटच्या थेंबापर्यंत पीत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "घरी कॉफी ठेवली तर मी लोकांकडे कशाला जाईन?"

वर्गातले चौथे होते राव. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, गोरेपान, हळू बोलणारे. मी नगरची म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "आमच्या घरींही मराठीच कीं," ते म्हणाले, आणि मी चकित झाले. तंजावरच्या राजांबरोबर आलेल्या घराण्यांपैकी त्यांचं एक. कित्येक पिढ्या इकडे गेलेल्या, पण चूल मराठी बोलत राहिली होती. तमिळच्या वळणाने चालणारी, जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी मराठी.

रावांची बायको लुथरन होती. लग्न झाल्यापासून ते दर रविवारी तिच्याबरोबर येत, मागच्या बाकावर बसत, गाणी म्हणत. सदस्य मात्र नव्हते, म्हणून प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस त्यांना मिळत नसे. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. का यायचंय, असं उपदेशियारांनी विचारलं तेव्हा राव म्हणाले, "मला तिच्या शेजारी पुरतील."

"मेल्यावरची सोय मला शिकवता येत नाही," उपदेशियार म्हणाले. "ती चर्चची कमिटी बघते. जिवंतपणी काय हवंय?"

रावांनी बराच वेळ पाला निवडला. मग म्हणाले, "प्रभुभोजनाच्या वेळी ती उठून पुढे जायची आणि मी बाकावर राहायचो. इतकी वर्षं. ती परत येऊन बसली की तिच्या अंगाला कसलातरी वेगळा शांतपणा असायचा. आता ती नाही. बाक तेवढा उरलाय. मला एकदा उठायचंय."

 उपदेशियारांनी रावांच्या पुढ्यातल्या काड्या स्वतःकडे ओढून घेतल्या.

मग आम्ही आज्ञांवर आलो. पहिल्या तीन सरळ गेल्या. चौथी आली ती आई-वडिलांचा मान राखण्याची. मी म्हटलं, ही पाचवी. आमच्याकडे नगरला ती पाचवी मोजतात. "इथे चौथी," उपदेशियार म्हणाले. "मोजणी वेगळी असली तरी आई-बाप तेच आहेत." आणि नेहमीप्रमाणे रावांकडे वळले. "याचा अर्थ काय? आणि हो, पहिल्या शनिवारचं तुमचं राहिलंच आहे. घरी काय म्हणाले?"

 राव हळूच म्हणाले, "सांगितलं नाही."

रावांना आई आठवत नव्हती. त्यांना वाढवलं थोरल्या बहिणीने. लहानपणी विधवा होऊन ती माहेरी आली आणि भावाचीच आई झाली. गावातल्या मेलकावेरी भागातल्या घरात आता ती दोघंच राहत. आम्ही सगळे पुढे तिला अक्काच म्हणू लागलो.

"अक्कांना कळल्याशिवाय मी पाचवी आज्ञा उघडणार नाही," उपदेशियार म्हणाले आणि पुस्तिका मिटली.

पापनाशमचा नवरा कुरकुरला. "ते मोठे आहेत, सर. कायद्यानेही त्यांचं ते ठरवू शकतात."

"ठरवू शकतात. पण आईच्या पाठीमागून आलेला माणूस आमच्याकडे बसतो खरा, त्याचं लक्ष दाराकडे असतं. मी अशी पुष्कळ माणसं पाहिली आहेत."

रावांचा धीर होईना. शेवटी उपदेशियार म्हणाले, मी येतो. आणि मला म्हणाले, अम्मा, तुम्हीही चला. चर्चचा म्हातारा दारात दिसला तर त्या दार लावतील, तुमची मराठी ऐकून उघडतील.

झालं तसंच. नऊवारीतली एक ठेंगणी, ताठ म्हातारी दारात आली. मी "नमस्कार, अक्का" म्हटलं मात्र, तिने माझा हातच धरला. "देशाहून आलीस? ये गे, बैस. किती ग्वाड बोलतीस, पण अर्धं मला कळंना. तुम्ही लोक मराठी मोडून टाकिल्यां कीं रे!" आम्हाला तिने उडदाचं डांगर खायला दिलं. माझ्या आजीच्या हातचं होतं तसंच. 

मग रावांनी सांगितलं. दोन वाक्यांत, जमिनीकडे बघत.

अक्का रडली नाही, ओरडली नाही.  उपदेशियारांकडे वळून तमिळमध्ये म्हणाली, "अप्पांना हा एकच मुलगा. तिथीला पिंड कोण ठेवील?"

मला वाटलं, इतक्या वर्षांच्या अनुभवात त्यांच्यापाशी याचं उत्तर तयार असेल. मंडळीत अशी उत्तरं असतात, मी ऐकली आहेत. उपदेशियार म्हणाले, "मला माहीत नाही."

"मग कशाला आलात?"

"विचारायला. तुमचा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर मिळेपर्यंत यांची तयारी पुरी होणार नाही."

आमचा वर्ग चौथ्या आज्ञेवर अडला तो असा. पापनाशमचं जोडपं कंटाळून गेलं. पाळकांनी त्यांना वेगळं शिकवून सभासद करून घेतलं. मीही जाऊ शकले असते. पण मला काय हवंय याचं उत्तर मलाही अजून सापडलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या पडवीत बसायला मला आवडू लागलं होतं. दर शनिवारी उपदेशियार रावांना विचारत, "याचा अर्थ काय?" राव म्हणत, "अजून नाही कळला." मग आम्ही प्रार्थना म्हणून उठत असू.

मधल्या वारी उपदेशियार मेलकावेरीला जाऊ लागले. अक्का कॉफी द्यायची आणि भांडायची. "माझा भाऊ न्यायला येता आणि माझीच कॉफी पिऊन जाता!" ते म्हणत, "न्यायला आलो तर तुम्ही देणार नाही. कॉफी देता, तेवढी घेतो." ती त्यांना गुरुवारच्या उपासाबद्दल सांगे, ते तिला पापनाशमच्या पुराच्या गोष्टी सांगत. एकमेकांना पटवायचं दोघांनीही सोडून दिलं होतं. एखाद्या आठवड्यात ते गेले नाहीत तर अक्का रावांना विचारी, "तो उंच माणूस आजारी बिजारी नाही ना?"

वडिलांची तिथी आली. राव येऊन म्हणाले, "यंदा काय करू?"

"करा," उपदेशियार म्हणाले. "नीट करा. मीही येतो."

त्या दिवशी बँकेला सुट्टी होती. मी गेले तेव्हा ते रावांच्या घरासमोरच्या ओट्यावर बसले होते, चपला खाली काढून. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. आत कुणी खाल्लं नाही, म्हणाले. आतून भटजींचा आवाज येत होता. "नावं घेतायत ना?" त्यांनी मला विचारलं. "बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं?" मी हो म्हटलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला आजोबांच्या मागचं नाव माहीत नाही, अम्मा. कुणी मला सांगितलंच नाही." पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

सगळं आटोपल्यावर अक्का बाहेर आली. "तुमच्यांत हें जेवण चालत नसेल."

"ते नंतर बघू," ते म्हणाले. "तुम्ही पहाटेपासून उभ्या आहात. आधी तुम्ही बसा, जेवा."

अक्का आत गेली. दारात पाठमोरी थांबून तिने डोळे पुसले, ते फक्त मी पाहिलं.

रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी मंडळीतल्या माणसानेही पाहिलं होतं, पण वेगळंच. आमचे उपदेशियार श्राद्धाच्या ओट्यावर बसतात, शिकवणीतल्या माणसाला पिंड ठेवायला लावतात, अशी तक्रार कमिटीपुढे गेली. पाळक तरुण होते, भले होते, पण अडचणीत सापडले. त्यांनी बोलावून विचारलं तेव्हा उपदेशियार म्हणाले, "आपण त्यांना अजून घेतलेलं नाही. घेतलं नाही तोवर ते बापाचे आहेत. मग बापाचं काम बापाच्या रीतीने होऊ दे." कमिटीला हे पटलं नाही. मोठ्यांचा वर्ग त्यांच्याकडून काढून घेण्यात आला.

ते वाद घालायला गेले नाहीत. पुढच्या शनिवारी मी सवयीने पडवीत गेले तर ते एकटेच पाला निवडत बसले होते. "वर्ग नाही," ते म्हणाले. "पण म्हाताऱ्यांना उद्या जेवायचं आहे." मी समोर बसले. थोड्या वेळाने राव आले, तेही बसले. त्या दिवशी कुणी कुणाला काही विचारलं नाही. मला मात्र तिथे, काड्यांचा ढीग वाढत असताना, कळलं की मला काय हवं होतं. हेच. अशा माणसांबरोबर बसायला मिळावं, इतकंच. मी ते त्यांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "मग तुमची तयारी झाली, अम्मा. आता मला तसं सांगायचा अधिकार नाही, ते सोडा."

रावांनी घरी जाऊन अक्काला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मला फोन. "पोरी, मला तुमच्या त्या पाळकाच्या घरीं ने."

मी तिला रिक्षाने घेऊन गेले. पाळकांच्या दिवाणखान्यात खुर्चीवर बसायला सांगितलं तरी बसली नाही. उभ्यानेच तमिळमध्ये म्हणाली, "माझा भाऊ तुमच्याकडे येणार. मला ते कळलंय. बायको गेल्यापासून तो जेवतो माझ्याकडे, झोपतो माझ्याकडे, राहतो मात्र तुमच्या त्या बाकावर. मी अडवून काय करू? पण मुलगी देताना सुद्धा घरच्यांना विचारतात. मी मुलगा देतेय. मला येऊन एकाच माणसाने विचारलं. द्यायचा तर त्याच्याच हातात देईन. त्याला तुम्ही बसवून ठेवलात तर माझा भाऊ येणार नाही, मी येऊ देणार नाही."

पाळक केव्हाच उठून उभे राहिले होते. "अम्मा, आणि तिथीचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते आमच्या घरचं. मी बघितलंय."

कमिटीत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दोनेक आठवड्यांनी पाळक स्वतः पडवीत आले, आमच्यात बसले, त्यांनीही एक जुडी घेतली. उपदेशियारांनी काही झालंच नाही अशा थाटात रावांना विचारलं, "चौथी आज्ञा. याचा अर्थ काय?"

राव म्हणाले, "अप्पांच्या तिथीला तिरुप्पनंदाळचा आमचा चुलत पुतण्या पिंड ठेवील. अक्काने त्याला विचारलंय. मी त्या दिवशी उपाशी राहीन आणि अक्काच्या शेजारी बसेन. ती असेतो, आणि ती गेल्यावरही."

उपदेशियारांचे हात थांबले. त्यांनी पाळकांकडे पाहिलं. पाळक पाल्याकडे पाहत होते.

"हे पुस्तकात नाही," उपदेशियार म्हणाले.

"नाही," राव म्हणाले.

"मग बरोबर असेल. पाचवी आज्ञा उघडा."

राहिलेला सगळा अभ्यास नंतर पुढच्या ईस्टरच्या आत झाला. ईस्टरच्या सकाळी माझं दृढीकरण, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली, होतं आणि रावांचा बाप्तिस्मा. मला लहानपणीच बाप्तिस्मा दिलेला, त्यामुळे मी फक्त वेदीपुढे उभी राहून मंडळीच्या प्रश्नांना उत्तरं दिली. रावांना पाळकांनी नाव विचारलं. नवं नाव घ्यायची इथे पुष्कळांची रीत. रावांनी आपलं जुनंच नाव सांगितलं, आधी वडिलांचं पूर्ण नाव आणि मग स्वतःचं. पाळकांनी ते तसंच उच्चारलं आणि त्यांच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतलं. मग प्रभुभोजनाची वेळ आली आणि राव उठले. माझ्या पुढेच होते. 

मी उपदेशियारांना शोधत होते. ते नेहमीच वेगळ्या बाकावर, म्हणून सगळे बाक पाहिले. कुठेच नव्हते. ज्या घडीसाठी त्यांनी इतकं सोसलं, ती ते चुकवतील हे मला खरं वाटेना.

उपासना सुटल्यावर बाहेर आले तर ते फाटकापाशी उभे. शेजारी अक्का. ती आत यायला तयार नव्हती, आणि तिला एकटीला उन्हात उभं ठेवायला ते तयार नव्हते. तिच्या डोक्यावर छत्री धरून, आतून येणाऱ्या आवाजांवरून त्यांनी तिला आत चाललेली एकेक गोष्ट सांगितली होती, हे अक्काने मला मागाहून सांगितलं. आता नाव विचारलं. आता पाणी. आता उठला.

राव पायऱ्या उतरून आले. अक्का पुढे झाली, त्यांच्या केसांना हात लावून पाहिला आणि एकदम करवादली, "येवढीं मोठीं माणसं मिळून याचं डोकं भिजविलीं, पुसावं म्हणून एकाला सुचंना?" आणि साठी उलटलेल्या भावाला खाली वाकवून, साऱ्या मंडळीदेखत, ती पदराने त्याचं डोकं खसाखसा पुसू लागली. राव लहान मुलासारखे मान खाली घालून उभे राहिले. उपदेशियार छत्री त्या दोघांवर धरून होते, स्वतः उन्हात. मला म्हणाले, "इतकी वर्षं मी शिकवतोय. टॉवेलचं मला कधी सुचलं नाही." 

माझी आता पुन्हा बदली झाली आहे. रावांचे फोन येतात, उपदेशियारांची खबर त्यांच्याकडून कळते. वर्ग अजून तेच घेतात, पडवीतच, भाजी निवडत. पहिल्या शनिवारी अजून सगळ्यांना घरी पाठवतात. फक्त आता आणखी एक गोष्ट सांगतात. बाप्तिस्म्याच्या दिवशी टॉवेल लागेल, तो स्वतः आणायचा नाही, घरातल्या कुणालातरी घेऊन यायला सांगायचं. ज्याच्या घरचं कुणीच येणार नसतं, त्याच्यासाठी मेलकावेरीहून अक्का येते. फाटकापर्यंतच.